नवव्या रकान्यातल्या तीन ओळी

११ जानेवारी

प्रिय ताई,

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, हे एका परीनं बरंच आहे. फोनवर मी रडले असते आणि तुम्ही "काय? काय म्हणालीस?" करत बसला असतात. पत्रात निदान रडणं दिसत नाही.

मूल दत्तक घेण्यासाठी अर्ज टाकला त्याला काल चार वर्षं झाली. त्याप्रीत्यर्थ तुमच्या भावानं केस कापून घेतले. बाकी विशेष काही घडलं नाही. कार्यालयाचं नेहमीचं पत्र आलं, "आपला अर्ज विचाराधीन आहे." आता ते पत्र मला पाकीट न फोडताच वाचता येतं.

परवा आमच्या चष्म्याच्या दुकानात कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि त्याची बायको आले होते. त्यांनी आमच्यानंतर दीड वर्षानं अर्ज केला होता. त्यांची मुलगी आता पळते! तिनं स्टँडवरच्या खालच्या दोन ओळींतल्या सगळ्या फ्रेमा उपसून जमिनीवर मांडल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, ओरड की तिला." मी कुठली ओरडते! वरच्या ओळीतल्याही काढून दिल्या.

सप्टेंबरात मला त्रेचाळीस पूर्ण होतील, यांना सत्तेचाळीस आहेतच. दोघांच्या वयाची बेरीज नव्वद झाली की तान्ह्या मुलांच्या यादीतून नाव काढतात. म्हणजे आमच्या हातात आठ महिने उरले. खोली तयार आहे. यांनी तिला तिसऱ्यांदा रंग दिला. पहिला पिवळा, मग हिरवा, आता पांढरा. मी म्हटलं, "पांढरा का?" तर म्हणतात, "आता जो कोणी येईल तोच ठरवेल."

ताई, एक विचारू? पहिल्या वर्षी मी देवाकडे मागत होते. मग विनवायला लागले. आता नुसती हजेरी लावते, गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं राहून खाकरतं ना, तशी. त्याला ऐकू येतं ना? की त्यानंही तुमच्यासारखी तीस वर्षं बॉयलरच्या कारखान्यात काढलीत? रागावू नका. पण माझ्यात त्याला काय कमी दिसतंय, एवढं कळलं तरी मी गप्प बसेन.

तुमची
भिंगरी


२० जानेवारी

प्रिय भिंगरी,

रागावले नाही. हसले, आणि मग बराच वेळ तसंच तुझं पत्र हातात धरून बसले.

तुला हे नाव मीच ठेवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तू घरात एका जागी दोन मिनिटं टिकत नव्हतीस. तेव्हा तुला वाट पाहणं किती जड जात असेल ते मला कळतं. पण ऐक. आमच्याकडे मोठ्या बॉयलरचे वेल्डिंगचे जोड पूर्ण झाले की ते अख्खं धूड भट्टीत घालून तापवतात, आणि मग भट्टी बंद ठेवून सावकाश गार होऊ देतात. दोन दिवस, कधी तीन. नवे कामगार बाहेर येरझाऱ्या घालतात, "बाई, झालं असेल ना आता?" मी म्हणते, दार उघडाल तर जोड तडकेल. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणून काहीच चाललेलं नाही असं नसतं. देवाचंही तसंच समज. तो शब्दाचा पक्का आहे. त्याला उशीर झालाय असं आपल्याला वाटतं, कारण घड्याळ आपल्या हातात असतं.

आणि माझ्यात काय कमी आहे, असं पुन्हा लिहू नकोस. तुझ्यात काही कमी नाही. हे मी माणसं ओळखण्यात उभं आयुष्य गेलेली बाई म्हणून सांगते. माणसं म्हणजे जोड म्हण हवं तर. एकतीस वर्षं जोडांचे एक्स-रे फोटो दिव्यावर धरून त्यात तडा शोधतेय.

एक मात्र सांगते. कार्यालयात फार खेपा घालू नका. फायली उकरायला लावल्या की तिथली माणसं चिडतात. त्यांचं काम त्यांना करू द्या.

धाकट्याला सांग, पांढरा रंग फार लवकर मळतो.

तुझी
ताई


१६ मार्च

प्रिय ताई,

बसून वाचा.

मंगळवारी यांना नेहमीसारखा लिफ्ट दुरुस्तीचा फोन आला, कुणीतरी अडकलंय म्हणून. पत्ता ऐकला तर आपल्याच दत्तक कार्यालयाची इमारत! दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट, आणि आत कारकून बाई, एकट्या, घाबरून रडकुंडीला आलेल्या. मोटर गरम झाली होती, पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ यांनी दाराच्या फटीतून त्यांच्याशी गप्पा मारल्या. तुमचा भाऊ! ज्याला माझ्याशी दोन वाक्यं बोलायला आठवडा लागतो! खोली, तीन रंग, चार वर्षं, सगळं सांगून टाकलं म्हणे. "काहीतरी बोलायला हवं होतं ना," म्हणतात.

त्या बाई बाहेर आल्या, तोंड धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "नाव सांगा." आत जाऊन आमची फाइल पाहून आल्या. म्हणाल्या, "मी हे सांगायला नको, पण तुम्ही मला बाहेर काढलंत. तुमच्या फाइलवर लाल खूण आहे. शिफारसपत्रात अर्जदार बाईंच्या मानसिक प्रकृतीविषयी काहीतरी लिहिलंय. दर वेळी फाइल वर येते, साहेब ती खूण बघतात आणि खाली सरकवतात. चार वर्षं तेच चाललंय."

"कुणी लिहिलंय?" यांनी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तेवढं मात्र सांगता येणार नाही."

ताई, शिफारसपत्रं दोनच होती. एक तुमचं, एक मालकीणबाईंचं. तुमचा तर प्रश्नच नाही.

मी बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच गेले. शटर अर्धं वर होतं. मी म्हटलं, "तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलंत?"

"कशात?"

"शिफारसपत्रात. मी वेडी आहे म्हणून लिहिलंत का?"

"अगं, काय बोलतेस? मी लिहिलं की तू हाताखालच्या पोरींना जीव लावतेस, आणि लहान मुलांचे डोळे तपासायचे असले की मी तुलाच पुढे करते. एवढंच."

"मग लाल खूण कशी आली?"

"ते मला काय माहीत? तुझ्या नणंदेला विचार."

तिथे माझा तोल गेला. मी म्हटलं, "त्यांचं नाव घेऊ नका. माझं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं तेव्हा त्या अकरा आठवडे माझ्यापाशी होत्या. तुम्ही एक फुलांचा गुच्छ पाठवलात." आणि दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवून निघून आले. अकरा वर्षांची नोकरी, ताई. पण मला वाईट वाटत नाही. उलट किती दिवसांनी श्वास मोकळा झालाय! देव विसरला नव्हता. माणसानं अडवलं होतं. आता त्या बाईचं पत्र रद्द करून घ्यायचं, नवीन शिफारस द्यायची. तुम्हीच सांगा, कुणाची देऊ?

तुमची
भिंगरी


२ एप्रिल

प्रिय ताई,

दोन आठवडे झाले, पत्र नाही. तब्येत बरी आहे ना? हे म्हणतात, कारखान्यात काम वाढलं असेल. मला मात्र काळजी वाटते. दोन ओळी तरी लिहा.

भिंगरी


६ एप्रिल

भिंगरी,

तब्येत बरी आहे. चार पत्रं लिहून फाडली.

ते मी लिहिलं होतं. मालकीणबाईंनी नाही.

नववा रकाना होता: "अर्जदारांच्या शारीरिक वा मानसिक प्रकृतीविषयी आपणांस ज्ञात असलेली माहिती." त्यात मी तीन ओळी लिहिल्या. अजून शब्दन् शब्द आठवतात. "मूल दगावल्यावर अर्जदार अकरा आठवडे अंथरुणातून उठली नाही. एकदा स्वयंपाकघरातला गॅस उघडा राहिला होता. तो चुकून राहिला की कसे, हे मला सांगता येत नाही."

त्या दिवशी मी भाजी घेऊन आले तेव्हा तू पलंगावर भिंतीकडे तोंड करून होतीस आणि घरभर वास होता. मी खिडक्या उघडल्या. तुला काही विचारलं नाही. धाकट्याला सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वी तो अर्ज समोर आला तेव्हा मात्र लिहिलं.

का, ते सांगते. ही सबब नाही, नुसतं जसं घडलं तसं सांगतेय. आमच्याकडे जोडात केसाएवढी रेघ दिसली तरी अहवालात लिहायची असते. जी लिहिली नाही तीच पुढे फुटते, आणि समोर माणूस उभा असतो. पण लिहिलं म्हणजे तो जोड बाद झाला असं नसतं. लाल शेरा पडला की महिन्याच्या आत तो जोड उकरून पुन्हा भरतात, आणि ज्यानं पहिला शेरा मारला त्यानंच पुन्हा तपासून दुसरा अहवाल लिहायचा. तो आला की लाल शेरा मिटतो. दुसऱ्या अहवालाशिवाय पहिला कधी एकटा राहिलेला मी एकतीस वर्षांत पाहिला नाही. मला वाटलं, सगळीकडे असंच असतं. मी लिहीन, कुणीतरी येईल, तुला भेटेल, तू कशी उभी राहिलीस ते बघेल आणि शेरा पुसेल.

कुणी आलं नाही. तिथे दुसरा अहवाल नावाची गोष्टच नव्हती.

दुसऱ्या वर्षी मला शंका आली. तिसऱ्या वर्षी खात्रीच पटली. तेव्हा एक पत्र लिहिलं असतं तरी पुरलं असतं. पण मग तुम्हाला कळलं असतं. म्हणून मी तुला वाट बघायला सांगत राहिले. भट्टीचं दार उघडू नकोस म्हणाले. कार्यालयात जाऊ नकोस म्हणाले. त्यात देवाचं नाव घातलं. तुझा तरी विश्वास खरा होता. मी मात्र त्याचं नाव पडद्यासारखं ओढून आत लपले होते.

मालकीणबाईंना मी आजच वेगळं पत्र टाकलंय.

ताई


३ मे

भिंगरी,

तुझं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. हे पत्र फक्त काय केलं ते कळवायला.

मागच्या सोमवारी मी तुमच्या गावी येऊन गेले. घरी आले नाही. तेवढं धाडस नव्हतं. कार्यालयात साहेबांना भेटले. ते मोठ्यानं बोलतात, म्हणून ऐकू आलं. मी सांगितलं, "मी लिहिलेलं खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं लिहायला आलेय." ते म्हणाले, "बाई, शिफारसपत्रात दुरुस्ती करायचा नियम नाही." मी म्हटलं, "मग नियम दाखवा." त्यांनी पुस्तक काढलं. दुरुस्ती करता येत नाही, असाही नियम त्यात नव्हता. मी तिथेच बाकावर बसून चार पानं लिहिली. तू अकरा आठवड्यांनी एका सकाळी उठून चहा केलास, मला म्हणालीस, "ताई, तुम्ही आता घरी जा, तुमच्या खाड्यांचे पैसे कापले जातील." दुसऱ्या दिवसापासून कामावर गेलीस. तेव्हापासून आजवर जे जे पाहिलं ते सगळं, तारखांसकट.

साहेब म्हणाले, फाइल पुन्हा वर जाईल, कुणीतरी घरी भेटायला येईल. कधी, ते सांगितलं नाही.

मालकीणबाईंना पण भेटले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला तुमची माफी नकोय. मला माझी पोरगी दुकानात परत हवीय." मी म्हटलं, मी काय सांगू, ती माझं ऐकेल असं आता वाटत नाही.

माझ्यासाठी प्रार्थना कर असं लिहिणार होते. लिहीत नाही.

ताई


१९ मे

ताई,

मी धाकटा. तिच्या नकळत लिहितोय असं नाही, तिला ठाऊक आहे. "लिहा काय ते," म्हणाली.

तुझी दोन्ही पत्रं तिनं वाचली. दुसरं तर रोज वाचते. काढते, वाचते, घडी घालून ठेवते. मी विचारलं, "ताईला काय कळवू?" म्हणाली, "कळवा की मी घरात आहे."

गॅसचं मला माहीत नव्हतं, ताई. पाच वर्षं एका छपराखाली राहून मला माहीत नव्हतं. तुझ्यावर रागावू की तू खिडक्या उघडल्यास म्हणून तुझे पाय धरू, ते मला समजत नाही. रोज लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो. बाहेरून बटण दाबत राहणाऱ्याला आत कोण अडकलंय ते कळत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

ती दुकानात गेली परवा. मालकीणबाईंनी किल्ली तिच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "तिसऱ्या खणातले स्क्रू संपलेत." संध्याकाळी घरी येऊन ती मला हे सांगताना रडली. म्हणजे रडायला लागली आहे. आधी तेही नव्हतं.

तू जेवतेस ना वेळेवर?

धाकटा


२७ जून

ताई,

आता लिहिते. अडीच महिने लागले, कारण रोज सकाळी वेगळं पत्र मनात यायचं. एका दिवशी तुम्हाला शिव्या होत्या. एका दिवशी तुमचेच आभार होते. दोन्ही पाठवली असती तर तुम्ही म्हणाला असतात, हिची प्रकृती अजून ठीक दिसत नाही. (हसू नका. मी अजून हसत नाहीये.)

आधी राग. चार वर्षं मी देवाला दोष देत होते. झोपताना, उठताना, फ्रेमचे स्क्रू आवळताना. तू ऐकत नाहीस, तू दिलेला शब्द पाळत नाहीस, म्हणून भांडत होते. आणि तक्रार तुमच्या नावावर करायची होती! ज्याची चूक नव्हती त्याच्याशी भांडले, आणि जिची होती तिला दर महिन्याला "तुमची भिंगरी" म्हणून पत्रं लिहिली. मालकीणबाईंना तोंडावर वाट्टेल ते बोलले. तुमचा एक शब्द मला दोन वर्षं आधी मिळाला असता तर आज त्या खोलीत कुणीतरी रडत असतं. हे मी विसरणार नाही. विसरले असं नाटकही करणार नाही.

आता दुसरं. हे लिहायला जास्त अवघड आहे.

तुम्ही लिहिलंत, "चुकून की कसे, हे मला सांगता येत नाही." ताई, मलाही येत नाही. मी दूध तापवायला उठले होते. बटण फिरवलं, काडेपेटी शोधली, ती नव्हती. मग मी परत जाऊन आडवी झाले. बटण बंद करायचं राहिलं, की बंद करावंसं वाटलं नाही? मी हजार वेळा आठवून पाहिलं. तिथे आठवणीत नुसती भिंत आहे. पाच वर्षं मी हे कुणाला बोलले नाही. देवालाही नाही. म्हणजे तुमची ओळ माझ्याबद्दल कुणीही लिहिलेल्या ओळींपैकी सगळ्यात खरी होती. ती मला कापत गेली ती म्हणूनच.

परवा कार्यालयातून एक बाई आल्या. खोली पाहिली, कपाट पाहिलं, गॅस पाहिला. मग चहा घेत म्हणाल्या, "नवव्या रकान्याबद्दल बोलायचंय." हे उठून बाहेर जायला लागले. मी म्हटलं, "बसा." आणि जे वर लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं. भिंतीसकट. त्या लिहीत होत्या. मी म्हटलं, "लिहून घ्या, पण पुन्हा कधी येणार तेही सांगा. फक्त लिहून जाऊ नका." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "महिनाभरात दोनदा येईन. डॉक्टरांना पण भेटावं लागेल तुम्हाला." मी हो म्हटलं.

यांनी रात्रभर माझा हात सोडला नाही. सकाळी दोघांचेही हात बधिर.

सप्टेंबर येईल आणि जाईल. तान्हं मूल आता मिळणार नाही, हे आम्हाला कळून चुकलंय. मोठ्या मुलांच्या यादीत नाव ठेवायचं का, असं त्यांनी विचारलं. ठेवा म्हटलं.

प्रार्थना करते. पण आता मागत नाही, भांडतही नाही. गॅसचं सांगितलं त्याला. त्याला माहीत होतंच, पण सांगितलं. तो काही बोलला नाही. मात्र उठून गेला असंही वाटलं नाही. सध्या एवढंच आहे माझ्याकडे.

मी


५ जुलै

भिंगरी,

पत्र मिळालं. या वेळी मी भट्टीचं काही सांगणार नाही. सल्ला देणार नाही. विसर म्हणणार नाही.

त्या दिवशी काडेपेटी नव्हती, कारण ती मी बाजारात जाताना पिशवीत घालून नेली होती. का नेली, ते तुलाही कळेल. मी घाबरले होते. म्हणजे तुझ्यावरचा विश्वास मी अर्ज भरायच्या आधीच गमावला होता, आणि देवावरही. त्या दोन्ही गोष्टींची भरपाई करायला मी तुला विश्वासाची पत्रं लिहीत होते.

मी रविवारी प्रार्थनेला जाते, मागच्या बाकावर बसते. पूर्वी पुढे बसायचे. समोर काय बोलतात ते आता ऐकू येत नाही, तरी बसते.

धाकट्याला सांग, मी वेळेवर जेवते.

ताई


१४ ऑक्टोबर

ताई,

ती आली. आज तेवीस दिवस झाले.

साडेपाच वर्षांची आहे. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे बोलताना हवा सुटते. आमच्याआधी दोन घरांत राहून आलीय. पहिल्या घरी त्यांना स्वतःचं मूल झालं, दुसऱ्या घरी नवरा-बायको वेगळे झाले. दोन्हीकडून तिला कार्यालयात परत आणून सोडलं. हे आम्हाला साहेबांनी सांगितलं तेव्हा ती शेजारच्या खोलीत होती, आणि दार उघडं होतं.

ती बूट काढत नाही, ताई. झोपतानाही नाही. पहिल्या दिवशी मी काढायला गेले तर तिनं पाय आखडून घेतले. "असू दे," म्हणाली, "मग पुन्हा घालायला वेळ लागतो." मला आधी कळलंच नाही. यांना कळलं. ते स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले.

मग मी चादरीवर प्लॅस्टिक अंथरलं. बूट असू देत. ती मला "बाई" म्हणते, यांना "लिफ्टवाले". रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून विचारते, "आज शनिवार आहे?" शनिवारी कार्यालयातून माणसं येतात, हे तिला ठाऊक आहे. शनिवारीच नेतात. मी म्हणते, शनिवार असो नसो, तू इथेच आहेस. ती मान हलवते, गिऱ्हाइकाला भाव पटला नाही की ते हलवतं तशी.

मला तिचा राग येतो कधी कधी. तेही लिहून टाकते. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती समोर आहे, आणि ती माझ्याकडे दाराकडे बघावं तसं बघते. परवा मी बाथरूममध्ये जाऊन चिडून टॉवेल आपटला. आणि तिथेच मला काहीतरी सुचलं. मी चार वर्षं देवाला म्हणत होते, तुझा भरवसा कसा धरू, सिद्ध करून दाखव. तो काय करणार होता? तो रोज तिथेच राहिला, एवढंच. आता ही माझ्यासमोर बसून तेच म्हणतेय, आणि माझ्यापाशीही दुसरं काही नाहीये. मी रोज तिथेच राहायचं. बूट घालून झोपलेल्या पोरीला शब्द देऊन काय उपयोग? तिला शब्द देणारे दोन जण होऊन गेलेत.

देवानं आमच्या बाबतीत शब्द पाळला, असं मी अजून म्हणणार नाही. तान्हं मूल गेलं ते गेलं. पण पाळणं म्हणजे काय, हे मला आता थोडं थोडं कळायला लागलंय, कारण ते करावं लागतंय.

डॉक्टरांकडे जाते. कार्यालयातल्या त्या बाई ठरल्याप्रमाणे दोनदा आल्या, तिसऱ्यांदाही आल्या. मालकीणबाईंनी पोरीला दुकानात बोलावून सगळी भिंगं दाखवली. तिनं एकालाही हात लावला नाही. मागे हात बांधून बघत उभी होती. मालकीणबाई म्हणाल्या, "हिला वाट्टेल ते फोडायला शिकव आधी."

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तिनं परवा भिंतीवरचा फोटो पाहून विचारलं, "ही कोण?" मी सांगितलं, आत्या. "कुठे असते?" दुसऱ्या गावी. "ती येते का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "येते." तेव्हापासून रोज विचारते, आत्या कधी येणार. ती परीक्षा घेतेय माझी, मला कळतं. म्हटलेलं होतं की नाही, हे बघतेय.

माझा राग गेलेला नाही, ताई. तुम्ही आलात की मी तुमच्याशी गोड बोलेन याची खात्री देत नाही. पहिला तासभर कदाचित बोलणारच नाही. तुम्हाला तो तास सोसावा लागेल. पलंग तुमच्यासाठी खिडकीपाशी सरकवलाय.

मी तिला या शनिवारची तारीख दिली आहे. सकाळच्या गाडीनं या. ती दाराशी उभी असेल.

तुमची
भिंगरी